माणसे घडवणारी वाडी

कारखान्याची जमीन, यंत्रे आणि पैसा यांची नोंद ताळेबंदात होते. कामगारांच्या हातचे कसब, फोरमनची तयार नजर, एकमेकांवरचा विश्वास यांना त्यात रकाना नसतो. संस्था अडचणीत सापडते तेव्हा मात्र तिला हेच मानवी भांडवल तारून नेते. ते बाजारात तयार मिळत नाही. संस्थेतच घडवावे लागते. त्यासाठी नेतृत्व, कार्यसंस्कृती आणि जीवनदृष्टी या तिन्हींची सांगड बसावी लागते. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीच्या जडणघडणीत ही सांगड स्पष्ट दिसते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकत होते. काही रंग ओळखण्यात त्यांच्या डोळ्यांना अडचण येते हे लक्षात आल्यावर ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनवायला सुरुवात केली. तिथली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ देऊ केला. १९१० मध्ये मूठभर कामगार आपल्या कुटुंबांसह त्या माळावर आले. निवडुंग तोडणे, सापांचा बंदोबस्त करणे आणि राहायला आडोसा उभारणे ही तिथली पहिली कामे होती. त्याच माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

नेतृत्वाची पहिली कसोटी माणसांच्या निवडीत लागते. लक्ष्मणरावांनी प्रमाणपत्रांपेक्षा हाताची हुशारी पाहिली. पूर्वी फायरमन असलेले शंभुराव जांभेकर वाडीत नामवंत तंत्रज्ञ झाले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक अभियंता ठरले. लक्ष्मणरावांचे बंधू रामुअण्णा यांनी वसाहतीची आखणी आणि कारभार सांभाळला. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या दोघांकडे तर वाडीच्या पहाऱ्याचे काम सोपवले गेले, आणि त्यांनी ते चोख बजावले. खरी जबाबदारी अंगावर पडली की माणूस तिला साजेसा होऊ लागतो, हा विश्वास या प्रत्येक निवडीमागे होता.

नेत्याचा असा विश्वास रोजच्या वागण्यात मुरला की त्याची संस्कृती होते. वाडी ही कारखाना आणि वस्ती यांची एकत्र रचना होती. भट्टीजवळ शेजारी उभे राहणारे घरीही शेजारीच राहत. त्यामुळे ओळख हजेरीपटापुरती राहिली नाही. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याचे म्हणून निघालेले हे पत्र पुढे मराठीतले मान्यवर मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके त्याच परिवारातून निघाली. नांगर ओतणाऱ्या वाडीतून विचारही घरोघर जाऊ लागला.

संस्कृती टिकायची तर तिला तत्त्वज्ञानाचा पाया हवा. श्रमाला प्रतिष्ठा, बुद्धिनिष्ठा आणि माणसामाणसांतली समता ही वाडीची मूल्ये होती. लक्ष्मणरावांनी तिथे अस्पृश्यतेला थारा दिला नाही. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या समाजात हा निर्णय नैतिक होता, तसाच व्यवहार्यही होता. कारण ज्याला दूर ठेवले जाते त्याचे कसब संस्थेला कधीच पुरते लाभत नाही.

या मानवी भांडवलाचा कस संकटात लागला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या आणि नांगरांचे काम चालू राहिले. गांधीहत्येनंतरच्या १९४८ मधल्या जाळपोळीत कारखान्याची राखरांगोळी झाली. यंत्रे गेली, पण ती चालवणारे हात आणि वर्षानुवर्षांचा अनुभव शाबूत होता. त्याच्याच बळावर कारखाना पुन्हा उभा राहिला.

संस्थेने माणसांवर केलेला खर्च वाया जात नाही, हे वाडीने दाखवून दिले. मात्र एकट्या संस्थापकाच्या चांगुलपणावर ही गोष्ट कायम टिकत नाही. नवख्याला जाणत्याच्या हाताखाली शिकता यावे, चूक सांगणाऱ्याला भीती वाटू नये, बढती कामाच्या गुणवत्तेवर मिळावी आणि घर, शाळा, आरोग्य यांची काळजी घेतली जावी, ही शिस्त नियमांत उतरावी लागते. ती उतरली म्हणजे नेता बदलला तरी माणसे घडण्याचे काम थांबत नाही.