उन्हाळ्यात शेततळ्यातील मासे सांभाळा
(चाकूर येथील भाषण)



आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जातो. त्याच वेळी शेततळे आटते आणि उथळ पाणी लवकर तापते. कटला, रोहू, मृगळ यांची वाढ साधारण २५ ते ३२ अंश सेल्सिअस तापमानात चांगली होते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच. माशांची गरज मात्र वाढते. रात्री शेवाळही प्राणवायू वापरते. म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. ही धोक्याची खूण समजावी.

अशा वेळी खाद्य व शेणखत बंद ठेवावे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पहाटे उंचावरून, फवाऱ्यासारखे सोडावे. बोअरच्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी असतो. रोज पहाटे व दुपारी तीन वाजता हातभर खोलीवर तापमान मोजून वहीत लिहावे.

पाणी दीड मीटर टिकणार नाही असे दिसताच मोठे मासे मार्चमध्येच काढून विकावेत. मेलेल्या माशाला बाजार नाही. वर्षाची मेहनत एका रात्रीत जाऊ देऊ नका.