कोरड्या दिवसांतील उमेद
(महोत्सवाच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी देवाचे उपकार आठवावेत व पूर्वजांचे गुण गावेत, ही रीत योग्यच आहे. परंतु मांडवात बसलेल्या प्रत्येकाचे मन आनंदातच असते असे नाही. कोणाच्या मोसंबीला भाव नाही. कोणाचा पगार वेळेवर होत नाही. कोणी लोखंडाच्या कारखान्यात भट्टीपाशी वर्षानुवर्षे राबूनही अद्याप रोजंदारीवरच आहे. कोणी तरुण परीक्षेमागून परीक्षा देतो आणि यादीत आपले नाव न सापडल्यामुळे मान खाली घालून घरी येतो. अशा माणसाने उमेद कशी राखावी, ह्याविषयी चार शब्द बोलावेत असे मी योजिले आहे.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, उमेद म्हणजे सदैव हसरे मुख नव्हे. ज्याचे पीक जळाले त्यास ‘वाईट वाटून घेऊ नकोस’ असे सांगणे हे सांत्वन नव्हे. लाजराच्या कबरेपाशी प्रभु येशू स्वतः रडला. तेव्हा दुःखास दुःख म्हणणे ही काही अश्रद्धा नाही. मग उमेद ती कोणती? ह्याच्या उत्तरासाठी दूर जावयास नको. आपल्या जालना तालुक्यातील कडवंची ह्या गावाकडे पाहावे.

आपल्या जिल्ह्याचा पाऊस बेभरवशाचा. तो थोड्याच दिवसांत कोसळतो आणि उतारावरून माती घेऊन निघून जातो. कडवंचीचीही तीच स्थिती होती. 1996 साली तेथे मराठवाडा शेती साहाय्य मंडळ व खरपुडीचे कृषि विज्ञान केंद्र ह्यांच्या साहाय्याने पाणलोटाचे काम सुरू झाले. गावकऱ्यांनी उतारांवर समतल चर खणले, शेतांना बांध घातले, ओढे अडविले, झाडे लाविली. काही वर्षांत विहिरींचे पाणी वाढले; पुढे शेततळी झाली, द्राक्षांचे मळे उभे राहिले. 2012 साली पावसाने दगा दिला तेव्हा जिल्ह्यातील मोसंबीच्या कितीतरी बागा वाळल्या, आणि लेकरांप्रमाणे वाढविलेली झाडे शेतकऱ्यांस स्वतःच्या हातांनी तोडावी लागली. त्या वर्षीही कडवंचीचे द्राक्षमळे तगले. त्या गावावर काही अधिक पाऊस पडला नव्हता. पडलेला थेंब धरून ठेवण्याची तयारी मात्र तेथे आधीपासून झालेली होती.

ही योजना ज्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून आली, त्याच्या मुळाशी येशूसंघाचे एक धर्मगुरू होते, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. फादर हर्मन बाखर हे मूळचे स्वित्झर्लंडचे. 1948 साली ते हिंदुस्थानात आले व त्यांनी आयुष्याची अनेक दशके अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्यांत वेचली. 1972 च्या दुष्काळाची झळ त्या भागास किती बसली, हे वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. 2021 साली, नव्वदी उलटून गेल्यावर, ते प्रभुचरणी लीन झाले. त्या कार्यक्रमाची शिस्त अशी की, पैसा येण्यापूर्वी गावाने श्रमदान करून आपली तयारी दाखवावी. डोंगरावर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी. आणि काम माथ्यापासून आरंभून पायथ्याकडे न्यावे.

ह्या शिस्तीत आपल्या जीवितासही पुष्कळ बोध आहे. चर खणतात तो उन्हाळ्यात. त्या वेळी आकाशात ढग नसतो, जमीन दगडासारखी असते, आणि पाहणारा हसतो. पाऊस आपल्या हातचा नाही, चर आपल्या हातचा आहे. त्याचप्रमाणे साहेबाचा स्वभाव, बाजारचा भाव व परीक्षेचा निकाल हे आपल्या हातचे नाहीत. आजचे काम नीट करणे, एखादे नवे कौशल्य शिकणे, रात्री हिशेब लिहून ठेवणे हे आपल्या हातचे आहे. मन प्रसन्न झाल्यावर काम करीन असे म्हणणारा पाऊस पडल्यावर चर खणू पाहतो.

चराईबंदीचेही तसेच आहे. कोवळ्या रोपात गुरे शिरली तर वर्षाचे श्रम एका दुपारी नष्ट होतात. आपल्या मनातही अशी गुरे शिरतात. शेजाऱ्याच्या सुबत्तेशी तुलना हे त्यांपैकी एक, जुना अपमान पुनःपुन्हा उगाळणे हे दुसरे, आणि दारूचा गुत्ता हे सर्वांत दांडगे. त्यांस आवरल्यावाचून उमेदीचा कोंभ वाढत नाही.

मात्र ह्यावरून कोणी असा अर्थ काढू नये की, अन्याय निमूटपणे सोसावा. मजुरी थकली असेल तर ती मागावी. एकट्याने मागता येत नसेल तर चौघांनी मिळून मागावी. उमेद राखणारा मनुष्य हक्काच्या गोष्टीविषयी मुका नसतो.

शुभवर्तमानात अंजिराच्या झाडाचा दृष्टांत आहे. तीन वर्षे फळ न देणारे झाड तोडावे असे मालक म्हणतो. माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. पण तो केवळ वाट पाहत बसणार नाही. तो झाडाभोवती खणणार आहे, खत घालणार आहे. फळ येईलच असे वचन मात्र तो देत नाही. ख्रिस्ती आशेचे ह्याहून प्रामाणिक चित्र मला ठाऊक नाही.

आणि त्या झाडाच्या वतीने बोलावयास कोणी दुसरा होता, हे विसरू नका. आपल्या मराठवाड्यात 2015 ह्या एका वर्षी एक हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी आपले जीवन संपविले. तेथे प्रश्न नापिकीचा होता, कर्जाचा होता; परंतु मनातले मनातच कोंडून राहण्याचाही होता. वरच्या शेताचा बांध फुटला तर खालच्याचा एकट्याने टिकत नाही. म्हणून ज्याचे जेवणावरून मन उडाले, ज्याची झोप गेली, जो देणी-घेणी निरवानिरवीच्या भाषेत बोलू लागला, त्यास उपदेश करू नका. त्याच्यापाशी बसा, त्याचे ऐका, त्यास एकटे सोडू नका, वैद्याकडे न्या. 14416 ह्या सरकारी क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. मन आजारी पडणे हे पाप नव्हे, आणि साहाय्य मागणे हा कमीपणा नव्हे. मंदिराचे दार व धर्मगुरूचे दार अशांस केव्हाही उघडे आहे.

आपले पूर्वज येथे आले, प्रार्थनेस जमले, त्या काळीही वर्षे काही सगळीच सुकाळाची नव्हती. त्यांनी एकमेकांच्या घरी धान्य पोहोचविले, आजाऱ्याच्या उशाशी रात्री काढल्या, आणि हा धर्मग्राम उभा राहिला. महोत्सवाची खूण म्हणून प्रत्येक कुटुंबाने ह्या आठवड्यात अशा एका घरी जावे, जेथे पुष्कळ दिवसांत कोणी गेलेले नाही. हा पहिला चर समजा. पुढचे काम आपोआप दिसू लागेल.

प्रभु आपणां सर्वांच्या श्रमांस यश देवो, आणि जेथे यश दूर असेल तेथे बळ देवो, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.