निकालामागचा विद्यार्थी



नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेचा विषय निघाला की पहिला प्रश्न निकालाचा येतो. खासगी शाळेची मुले पुढे आणि सरकारी शाळेची मागे दिसली, की शाळा वाईट आणि शिक्षक निष्काळजी असा निवाडा तत्काळ दिला जातो. परंतु व्यापाराचा साधा हिशेब जाणणाऱ्या माणसाने येथे क्षणभर थांबावयास हवे. वर्षअखेरीचा माल पाहून कोणी नफा-तोटा सांगत नाही. त्यासाठी वर्षारंभीची शिल्लकही मांडावी लागते. शाळेची ही आरंभीची शिल्लक म्हणजे सहावीच्या वर्गात येऊन बसलेले मूल. ते कोणत्या घरातून आले, घरी कोणती भाषा बोलते आणि मागील पाच वर्षांत प्रत्यक्ष किती शिकले, हे पाहिल्याशिवाय निकालाचा अर्थ लागत नाही.

इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव यांसारख्या यंत्रमागाच्या गावी या वर्गात माग चालवणाऱ्या, कांडी भरणाऱ्या कामगारांची मुले असतात. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा एकाच खोलीत झोपतो. तेथे अभ्यासाला कोपरा मिळणेही कठीण. इचलकरंजीत आणि भिवंडीत परप्रांतांतून पोटासाठी आलेली कुटुंबेही पुष्कळ. त्यांच्या मुलांच्या कानावर घरी एक भाषा, तर हाती पुस्तक दुसऱ्या भाषेचे. बीड जिल्ह्यातील चित्र आणखी वेगळे. तेथील ऊसतोड कामगार गळीत हंगामात गाव सोडतात. नवरा-बायकोच्या जोडीला त्या व्यवसायात ‘कोयता’ म्हणतात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. बरोबर गेलेल्यांची शाळा ऐन वर्षाच्या मध्यावर तुटते. थोरल्या मुलीवर तर धाकट्या भावंडांना सांभाळण्याचाही भार असतो. याउलट, ज्यांना फी परवडते असे पालक हळूहळू या शाळांतून बाहेर पडले. परिणामी ज्या मुलांना मदतीची सर्वाधिक गरज, तीच या वर्गांत एकवटली.

‘असर’ हे ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन केले जाणारे सर्वेक्षण या संदर्भात उद्बोधक आहे. ६ ते १४ वयोगटातील मुलांपैकी सरकारी शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते. कोरोनानंतर २०२२ मध्ये ते ७२.९ टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. घराचे उत्पन्न हलले की शाळेचा पटही हलतो, हे यावरून ध्यानी यावे. त्याच २०२४ च्या पाहणीत, सरकारी व खासगी शाळा मिळून, आठवीच्या सुमारे ७१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. साधा भागाकार मात्र सुमारे ४६ टक्क्यांनाच जमला.

घर आणि निकाल यांचे हे नाते केवळ भारतापुरते नाही. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सुमारे चार हजार शाळा व सहा लाख विद्यार्थी यांची पाहणी करून १९६६ मध्ये अहवाल दिला. इमारत, ग्रंथालय व खर्च यांतील फरकांपेक्षा घरच्या परिस्थितीचा मुलाच्या गुणांशी अधिक निकटचा संबंध आढळला. सोबतीला कोण बसते, याचाही परिणाम दिसला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढून निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली, एका पंगतीत आणले होते, त्याचे मोल या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे.

मात्र ‘घरच तसे, शाळा काय करणार?’ असा निष्कर्ष काढणे मोठ्या अन्यायाचे होईल. मुंबई व वडोदरा येथील महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेने बालसखी उपक्रम चालवला. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एखादी तरुणी रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून वाचन-गणिताचा पाया पक्का करून घेई. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांनी त्याची काटेकोर तपासणी केली. गुण वाढले, आणि सर्वाधिक लाभ सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. मुलांची घरे तीच होती, वस्तीही तीच होती. मूल जेथे आहे तेथून शिकवावयास सुरुवात झाली, एवढाच बदल होता.

सहावी ते आठवी या तीन वर्षांना म्हणूनच अनन्यसाधारण महत्त्व आहे. शिक्षण हक्क कायद्याची मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंतच आहे. भागाकार न येता त्या उंबरठ्यावर पोहोचलेले मूल नववीत किती काळ टिकणार? तेथून माग, हॉटेल किंवा उसाचा फड त्याला ओढून नेतो. मुलीच्या बाबतीत लग्नाची बोलणी सुरू होतात.

समाजाला करता येण्याजोगे बरेच आहे, आणि ते फार खर्चाचे नाही. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा होते. साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पालकांच्या, सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांसाठी ती आहे. निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. गरीब घराला मुलाचे शिक्षण चालू ठेवण्यास हा आधार लहान नाही. परंतु अर्ज आणि उत्पन्नाचा दाखला यांपाशीच कित्येक पालक अडतात. तो कागद भरून देणारा सुशिक्षित माणूस, संध्याकाळी दोन तास उघडी राहणारी उजेडाची खोली, आणि सहावीच्या मुलाला न लाजवता चौथीचे गणित शिकवणारी एखादी निवृत्त शिक्षिका, एवढी व्यवस्था कोणत्याही गावाच्या आवाक्यातील आहे.

गौरवचिन्हे पहिल्या क्रमांकांना द्यावीत, ती त्यांची कमाई आहे. त्याबरोबरच, जून महिन्यात वाचता न येणारी किती मुले मार्चमध्ये वाचू लागली, याचीही नोंद प्रत्येक शाळेने ठेवावी आणि समाजाने ती आवर्जून विचारावी. शाळेचा खरा नफा त्या नोंदीत दिसेल.