चाकांवरचे घर आणि जुने मित्र

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, अशी या शब्दाची फोड परंपरेने केली जाते. अशा अतिथीचे स्वागत करावे हे सर्वांस मान्य असले, तरी तो प्रत्यक्ष दारात उभा राहिला म्हणजे घरात जी धांदल उडते तीही सर्वांच्या परिचयाची आहे. अंथरूण कोठे घालावयाचे, पाणी केव्हा तापवावयाचे, मुलांना कोणत्या खोलीत हलवावयाचे, या विवंचनेत बोलावयाचे ते राहूनच जाते. पाहुण्यालाही संकोच वाटतो आणि तो दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघतो. मग पाहुण्याने आपले छप्पर आपल्याबरोबरच आणले तर?

हा प्रयोग अमेरिकेत पुष्कळ झाला आहे. मोटारीवर लहानसे घर बसवावयाचे, त्यातच रांधावयाचे व झोपावयाचे, आणि वाटेवरची प्रेक्षणीय स्थळे व दूरवर पांगलेले स्नेही यांच्या भेटी घेत देश पालथा घालावयाचा, अशी प्रवासाची एक रीतच तेथे रूढ झाली आहे. या रीतीचा विख्यात प्रवासी म्हणजे कादंबरीकार जॉन स्टाइनबेक. २३ सप्टेंबर १९६० रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, लाँग आयलंडवरील सॅग हार्बर या गावातून ते निघाले. बरोबर चार्ली नावाचा वयस्क पूडल कुत्रा होता. मालवाहू मोटारीच्या पाठीवर बसविलेल्या खोलीत पलंग, शेगडी, शीतपेटी व लिहिण्याची सोय होती. डॉन किहोतेच्या घोड्यावरून या गाडीचे नाव त्यांनी ‘रोसिनांते’ असे ठेविले होते. सुमारे १०,००० मैलांच्या या प्रवासाचे वर्णन त्यांच्या १९६२ सालच्या ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ या पुस्तकात आहे. त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

स्वतःच्या घरासह येणाऱ्या पाहुण्याची पहिली सोय अशी की, तो यजमानाचे अंगण तेवढे मागतो, खोली मागत नाही. मेन राज्यातील डियर आयल हे बेट स्टाइनबेक यांनी पाहिलेच पाहिजे, असा त्यांच्या लेखनाचा व्यवहार पाहणाऱ्या एलिझाबेथ ओटिस यांचा आग्रह होता. तेथे ओळखीच्या घरी ते गेले, पण बिऱ्हाड मात्र आपल्या गाडीतच ठेविले. दुसरी सोय याहून मोलाची आहे. अशा घरात पाहुण्याला यजमान होता येते. त्याच राज्यातील अरूस्टुक परगण्यात बटाट्याच्या काढणीसाठी कॅनडातून आलेल्या फ्रेंचभाषक मजुरांचा तळ पडला होता. त्यांतील एका कुटुंबाला स्टाइनबेक यांनी आपल्या गाडीत निमंत्रण दिले आणि त्या अरुंद जागेत दाटीवाटीने बसून मंडळींनी ब्रँडी घेतली. ज्यांच्या मुलखात आपण परके, त्यांनाच क्षणभर आपल्या उंबरठ्याच्या आत घेता आले, हे सुख हॉटेलात उतरणाऱ्या प्रवाशाला सहसा लाभत नाही.

या पुस्तकाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्टाइनबेक यांच्या मागावर पन्नास वर्षांनी निघालेल्या एका पत्रकाराने २०१० मध्ये त्या प्रवासाचा शोध घेतला. लेखकाने पुष्कळशा रात्री हॉटेलांत व मोटेलांत काढल्या होत्या, आणि पुस्तकावरून वाटते त्याहून कितीतरी अधिक दिवस त्यांची पत्नी बरोबर होती, असे त्याला आढळले. तेव्हा या वर्णनातील प्रत्येक संवाद जसाच्या तसा घडला असे मानण्याचे कारण नाही. परंतु त्यातील एक प्रकरण असे आहे की, ज्याला फार दिवसांनी जुन्या गावी जाण्याचा प्रसंग आला आहे त्याला ते खरे वाटल्यावाचून राहणार नाही.

ते प्रकरण कॅलिफोर्नियातील माँटरे या बंदराचे. स्टाइनबेक यांचा जन्म जवळच्या सॅलिनस येथे १९०२ साली झाला आणि त्यांचे तारुण्य या परिसरात गेले. माँटरेच्या किनाऱ्यावर सार्डिन मासळी डब्यांत भरण्याचे कारखाने होते. त्या वस्तीवर त्यांनी १९४५ साली ‘कॅनरी रो’ ही कादंबरी लिहिली. पुढे मासळी नाहीशी झाली, कारखाने ओस पडले. आणि १९५८ साली त्या रस्त्याला कादंबरीचेच नाव देण्यात आले. ज्या दुर्गंधीच्या गल्लीत लेखक मित्रांसह हिंडला होता, ती आता परगावच्या लोकांनी मुद्दाम येऊन पाहण्याची जागा झाली होती. जिवंत गाव गेले आणि त्याचे प्रेक्षणीय स्थळ उरले!

तेथील एका जुन्या मित्राच्या मद्यालयात ते गेले. मित्राने मिठी मारली, परत घरी ये म्हणून गळ घातली. तेव्हा स्टाइनबेक एकेका सोबत्याचे नाव घेऊन तो कोठे आहे असे विचारू लागले, आणि प्रत्येक नावाला उत्तर एकच होते. त्या नावांत सागरी जीवांचे अभ्यासक एड रिकेट्स यांचेही होते. स्टाइनबेक यांचा हा जिवलग मित्र १९४८ साली त्याच गावात मोटारीला आगगाडीची धडक बसून मरण पावला होता. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक होते. ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक होते. तरीही विचारावयाचे होते.

इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या घरांतून मूळ गावी जाऊन आलेल्या कित्येकांना हा अनुभव नवा नसेल. गावी राहिलेल्याच्या मनात गेलेल्याची मूर्ती निघतानाची असते, आणि गेलेल्याच्या मनात गावाची. भेट होते ती या दोन मूर्तींची. प्रत्यक्ष माणसे काही वेळ बाजूला उभीच असतात. घर चाकांवर घातल्याने मैलांचे अंतर तुटते, यजमानाचा भारही हलका होतो. वर्षांचे अंतर मात्र तुटत नाही.

मग अशा भेटी घ्याव्यात तरी कशाला? त्याचे उत्तर त्या मद्यालयातल्या नावांत आहे. रिकेट्स यांचे नाव न्यूयॉर्कमध्ये कोणीही उच्चारू शकला असता. परंतु त्या गावात त्यांच्याबरोबर बसलेला, त्यांचे हसणे कानांत असलेला माणूस ते उच्चारतो तेव्हा त्या नावाला वजन येते. गेलेल्या माणसांची आठवण एकट्याने सांभाळणे कठीण असते. दुसरा साक्षी लागतो. जुना मित्र हा असा साक्षी असतो, आणि साक्षी दरवर्षी कमी होत जातात. म्हणूनच सवड मिळाल्यावर जाऊ असे म्हणणाऱ्याने सवडीची फार वाट पाहू नये.

माँटरे सोडण्यापूर्वी स्टाइनबेक फ्रेमाँट शिखरावर चढले. यलोस्टोनच्या प्रसिद्ध उद्यानातून ते अल्पकाळातच बाहेर पडले होते. पण येथे, बालपणाच्या या डोंगरावर, ते थांबले. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस सॅलिनसचे खोरे. सारे डोळे भरून पाहून ते खाली उतरले. १९६८ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या अस्थी सॅलिनस येथे आणून पुरण्यात आल्या. त्याच गावी, त्यांच्या नावाने उभारलेल्या संग्रहालयात, रोसिनांते आज उभी आहे.