वखारीतली मोटार
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले भाषण)



आपण आत येताना पटांगणात चिंचेखाली उभी असलेली राखी रंगाची मोटार पाहिलीच असेल. तिच्याविषयी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही पेशाने शाळामास्तर. विज्ञान शिकवतो, म्हणजे इंजिनाचे चित्र फळ्यावर पंचवीस वर्षे काढीत आलो. परंतु खरे इंजिन उघडण्याचा प्रसंग दोन वर्षांपूर्वी आला आणि आपले चित्र किती स्वच्छ होते हे तेव्हा कळले.

ही मोटार १९५५ सालची फियाट ११००. तिच्या पुढच्या नाकाडामुळे लोक तिला डुक्कर फियाट म्हणत. मूळचे सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर कंपनी काढली; तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही जात १९५४ च्या सुमारास बाहेर पडू लागली. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याने ती घेतली आणि पुढे त्यांच्या चिरंजीवांनी ती आपल्या ट्रस्टला देऊन टाकली. तिचे जुने पुस्तक आम्ही जपून ठेवले आहे. त्यावर पहिला शिक्का मुंबई राज्याचा. १९५६ नंतरचा म्हैसूर राज्याचा. १९७३ नंतरचा कर्नाटकाचा. गाडी निपाणीतून कोठेही राहावयास गेली नाही आणि तीन राज्ये मात्र पाहून आली! सीमाभागातल्या माणसांना यात नवल वाटणार नाही.

येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांना ती वेगळ्या कारणाने आठवत असेल. रात्री अपरात्री कोणी अडले, कोणाला मिरजेच्या दवाखान्यात न्यावयाचे झाले की हीच गाडी निघे. चालवीत असत आमचे अब्बा. शेवटची फेरी केव्हा झाली याची नोंद नाही. पण आम्ही तिसरीत असताना ती वखारीत ढकलून ठेवलेली आठवते. पुढे तिच्यावर पोती पडली, मग पोत्यांवर कोंबड्या बसू लागल्या.

तीन वर्षांपूर्वी वखार रिकामी करण्याचे ठरले, तेव्हा भंगारवाला येऊन गेला. गाडीचे वजन आठशे किलोंच्या आसपास. त्याने एकवीस हजार रुपये सांगितले. सभेत कोषाध्यक्षांनी सरळ विचारले, "मास्तर, या पैशांत किती पोरांच्या वह्यापुस्तकांची सोय होते ते तुम्हीच सांगा." आम्हांला उत्तर देता आले नाही. आजही त्यांचा प्रश्न चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. अखेर असे ठरले की ट्रस्टचा एक पैसाही लागता कामा नये, आणि महोत्सवापर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर चालत आली नाही तर ती भंगारात जाईल. अब्बांना जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. आम्ही ही अट मान्य केली ती हिशेब करून नव्हे, हे आज कबूल करावयास हरकत नाही.

तर गाडी आमच्या परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आली. कामाला आम्ही पाच जण: आम्ही स्वतः, आमचा पुतण्या, शाळेतली दोन मुले आणि चाचा. चाचा हे अब्बांच्या वेळचे मेकॅनिक. वय ऐंशीच्या पुढे, कान जवळजवळ गेलेले. दर रविवार आणि दोन मे महिने, एवढाच आमचा वेळ.

इंजिन जाम झाले होते. चाचांच्या सांगण्यावरून चारी प्लग काढून सिलिंडरांत तेल आणि डिझेल ओतून ठेवले, आणि दर रविवारी हँडल लावून जरा हलते का ते पाहू लागलो. पाचव्या रविवारी हँडल बोटभर फिरले. त्या दिवशी घरात शिरखुर्मा झाला, ईद नसताना.

पुढचे संकट हेडचे. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे. दोन धातू, मध्ये पाणी आणि कित्येक वर्षांची विश्रांती. रसायनशास्त्राच्या तासाला आम्ही मुलांना हेच शिकवतो, पण ते स्टडांना कसे धरून बसते हे तेथे पाहिले. चाचा म्हणत होते, "बेटा, घाई करशील तर मोडशील. रोज तेल सोड, रोज जरा गरम कर." एके दिवशी ते नमाजाला गेले असताना आम्ही छिन्नी घालून हातोडा मारला. हेड निघाले खरे, परंतु त्याच्या बैठकीवर खोल ओरखडा पडला. चाचा परत आले, त्यांनी ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता चहा मागितला. ते न बोलणे आम्हांला फार लागले. बेळगावच्या उद्यमबागेत ते हेड भरून फेस मारून आणावे लागले, त्याचे साडेचार हजार आमच्या वैयक्तिक खात्यावर पडले, आणि ते योग्यच झाले.

उद्यमबागेचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगतो. ज्यांच्या नावाचा रस्ता बेळगावात आहे ते लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मुंबईच्या तंत्रशाळेत शिक्षक होते. १८८८ साली भावाबरोबर बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे नोकरी सोडून लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे करू लागले, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. मास्तराने हातात पाना घेण्याची या भागातली परंपरा आमच्यापासून सुरू होत नाही, एवढेच सांगावयाचे होते. बरे, त्यांनी कारखाना काढला. आम्हांला एक गाडी दोन वर्षे पुरली.

सुटे भाग मिळाले ते मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या कृपेने. हेच १०८९ सीसीचे इंजिन, ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे, थोड्याफार सुधारणांनिशी पुढे पद्मिनीला बसत राहिले. पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची उतरली, आणि तिच्या रिंगा, पॅकिंगे, बेअरिंगे काही काळ जुन्या बाजारात सहज मिळू लागली. जे पद्मिनीचे बसले नाही ते घडवून घ्यावे लागले.

सर्वांत मोठी चूक मात्र पत्र्यात झाली. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दाराखालच्या पट्ट्या आणि टप मिळून तिचा सांगाडा होतो. तळ कुजला होता. आम्ही आधार नीट न देता सगळा कुजका भाग एकदम कापला आणि वेल्डिंग करून घेतले. मग पाहतो तो डावीकडचे दार लागेना! गाडी मध्येच सुताएवढी खचली होती. सगळे वेल्डिंग पुन्हा कापले, खाली जॅक लावून टप उचलला, दारे बंद ठेवूनच थोडे थोडे जोडत गेलो. यात पावसाळ्याचे तीन महिने गेले. दहावीत दोनदा गणितात नापास झालेला आमचा एक विद्यार्थी दोरी आणि लंबक घेऊन चारी कोपऱ्यांच्या तिरप्या मापांची वही ठेवीत असे. त्याच्याच वहीमुळे खचलेली जागा सापडली. तो मुलगा आता आय. टी. आय. ला आहे. गणित त्याचे मार्चमध्ये सुटले, पस्तीस गुणांनी.

रंगाविषयी बराच वाद झाला. काही मंडळींना लाल हवा होता. दाराच्या रबराखाली मूळचा राखी रंग नखाएवढा शिल्लक होता, तोच आम्ही लावला. डाव्या मडगार्डवरचा पोचा तेवढा काढलेला नाही. तंबाखूच्या बैलगाडीने तो दिलेला आहे. अब्बा त्याबद्दल शेवटपर्यंत बैलांना दोष देत.

खर्च एकंदर एक लाख शहाऐंशी हजार. पाच घरांनी वाटून घेतला. काही सदस्यांची सूचना होती की गाडी वरातीला भाड्याने देऊन तो भरून काढावा. हे करता येत नाही. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, जुना क्रमांकही राहतो. पण ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, एवढेच. म्हणजे कोषाध्यक्षांच्या हिशेबाने पाहिले तर ही गाडी ट्रस्टला कधीही एक रुपया मिळवून देणार नाही. ते समोर बसले आहेत म्हणून हे स्पष्ट सांगतो.

नोंदणी आणि विमा झाल्यावर मागच्या महिन्यात, दुरुस्ती पुरी झाली की नाही हे पाहण्यासाठी, तिला तवंदी घाटात नेली. घाट चढली नाही तर येथे तिला ढकलत आणावी लागली असती. पुतण्या चालवीत होता, चाचा शेजारी, आम्ही मागे पाण्याचा डबा घेऊन. छत्तीस घोड्यांची शक्ती. ट्रकवाले हॉर्न वाजवीत पुढे जात होते. चाचांना इंजिन ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी चपला काढून तळव्यांनी पत्रा धरला होता. वरच्या वळणाच्या अलीकडे त्यांनी एकाएकी हात वर केला आणि पुतण्याला खालचा गिअर टाकावयास लावला. धडधड थांबली. माथ्यावर आलो तेव्हा पाणी तापले होते, उकळले नव्हते. चाचा उतरले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "तुझे अब्बा येथे थांबून विडी ओढायचे." उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्यातच त्यांनी गाडी ठेवविली.

अजून दोन कामे बाकी आहेत. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला मानवत नाही. नळ्या बदलल्या, पंपाचा पडदा बदलावयाचा आहे. आणि पेट्रोलचा काटा चालत नाही, टाकीत काडी घालूनच पाहावे लागते.

सभेनंतर गाडी सर्वांना पाहावयास खुली आहे. मुलांनो, एक सूचना: पुढची दारे नेहमीच्या गाडीच्या उलट बाजूने उघडतात. हँडल जोराने ओढू नका, चाचा जवळच उभे आहेत, त्यांना सांगा. जरा मोठ्याने सांगा.