स्ट्रॅटफर्ड कालव्याची गोल छपरं

इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड कालव्याचं काम 1793 मध्ये सुरू झालं आणि 1816 मध्ये तो एव्हन नदीला मिळाला. त्याच्या काठावरच्या राखणदारांच्या काही घरांची छपरं पिंपासारखी अर्धगोल आहेत. पुलांच्या कमानी बांधणाऱ्यांनी तेच कसब घरांना लावलं, असा तर्क केला जातो. मला तो पटतो, कारण या कालव्यावर काटकसर जागोजागी दिसते. छोट्या पुलांच्या मधोमध बारीक फट ठेवलेली आहे; तिच्यातून नावेचा दोर सरकवता येई, ओढणारा घोडा सोडावा लागत नसे. शर्लीला तर कमानीऐवजी उचलता पूल आहे.

कालव्यावरची मालवाहतूक संपल्यावर ही घरं आणि पूल कशाला जपायचे, हा प्रश्न रास्त आहे. 1958 मध्ये वॉरिकशर काउंटीने दक्षिणेकडचा भाग कायमचा बंद करायची परवानगी मागितली होती. ती नाकारली गेली, वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने तो भाग भाडेपट्ट्याने घेतला, स्वयंसेवक, सैनिक आणि कैदी चिखलात उतरले, आणि 1964 मध्ये तो पुन्हा खुला झाला. एखाद-दुसरं घर संग्रहालयात हलवलं तरी भागेल, असं कुणी म्हणेल. पण कालव्यापासून तोडलेलं घर म्हणजे नुसतं विचित्र छपराचं खोपटं. कालव्याची दारं आणि पाणी सांभाळायला माणूस तिथेच का राहायचा, हे कालव्यात पाणी आणि नावा असतील तरच समजतं.