आग्र्याची वार्ता आणि धारूरची छावणी

बीड जिल्ह्यांत बालाघाटाच्या रांगेवर धारूर नांवाचें गांव आहे. गांवाशेजारीं किल्ला आहे; त्याच्या तीन अंगांस खोल दऱ्या असून चौथ्या अंगास खंदक खणलेला आहे. आदिलशाही सरदार किश्वरखान यानें सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा किल्ला भक्कम केला आणि याच किल्ल्यापायीं निजामशाही फौजेच्या हातून तो प्राणास मुकला. इ. स. १६३१ मध्यें मोगलांचा सरदार आझमखान यानें धारूर घेतलें. पुढें कागदोपत्रीं फतेहाबाद असें नांव चाललें, तरी लोकांच्या तोंडीं धारूर तें धारूरच राहिलें. या गांवाची आठवण मराठी घरांत क्वचितच निघते. आग्र्याहून सुटकेची गोष्ट मात्र लहान मुलांसही पाठ असते. वास्तविक या दोन स्थळांचा संबंध फार निकटचा आहे. कारण आग्र्यास एक बंदिवान निसटला आणि त्या सुटकेची झळ दोन महिन्यांनीं धारूरच्या छावणींत दुसऱ्यास लागली.

हा संबंध नीट ध्यानीं येण्यासाठीं प्रथम एका कल्पित कथेकडे वळावें लागेल. एका काळांतून दुसऱ्या काळांत जाऊन पडलेल्या मनुष्यांच्या कथा पाश्चात्त्य वाङ्मयांत पुष्कळ आहेत. मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदकारानें १८८९ सालीं अशी एक कादंबरी प्रसिद्ध केली. तींत एकोणिसाव्या शतकांतील बंदुकांच्या कारखान्याचा मुकादम डोक्यावर तडाखा बसून बेशुद्ध पडतो आणि डोळे उघडतो तों आर्थर राजाच्या अमदानींत, म्हणजे सहाव्या शतकांत! तेथें त्याला कैद होते व जिवंत जाळण्याची शिक्षा फर्मावली जाते. परंतु त्या दिवशीं खग्रास सूर्यग्रहण होणार आहे हें त्या जगांत त्याला एकट्यालाच ठाऊक असतें. सूर्य विझवून टाकण्याची धमकी देऊन तो आपला जीव वांचवतो. पुढें तो आणि राजा दोघे शेतकऱ्यांच्या वेषांत देशाटनास निघतात. राजास गरिबासारखें चालावयास शिकवतां शिकवतां बिचाऱ्याच्या नाकीं नऊ येतात. अंगावर जाडेंभरडें वस्त्र चढलें तरी राजाची मान कांहीं केल्या वाकत नाहीं, आणि अखेर दोघेही गुलाम म्हणून विकले जातात.

थट्टेच्या भरांत ट्वेननें येथें दोन मार्मिक गोष्टी सांगून टाकल्या आहेत. पहिली, बंदिवानाचें खरें शस्त्र म्हणजे पहारेकऱ्याच्या आधीं कांहीं तरी ठाऊक असणें. दुसरी, वेष क्षणांत बदलतो, संवय बदलत नाहीं. ग्रहणाची तिथि ठाऊक असणारा मनुष्य आणि एखादी वार्ता चार दिवस आधीं कळलेला मनुष्य यांत तत्त्वतः फारसा भेद नाहीं. सतराव्या शतकांत वार्ता जासुदाच्या पायांनीं अथवा घोड्याच्या टापांनीं चालत असे. तिच्या पुढें जो निघाला तो इतरांच्या मानानें उद्यांच्या दिवसांत वावरत होता असेंच म्हटलें पाहिजे.

आतां आग्रा. पुरंदरच्या तहानंतर मिर्झाराजे जयसिंग यांच्या भरंवशावर शिवाजी महाराज उत्तरेस गेले आणि १२ मे १६६६ रोजीं औरंगजेबाच्या दरबारांत उभे राहिले. पांचहजारी मनसबदारांच्या रांगेंत आपल्याला उभें केलें आहे हें पाहून त्यांचा संताप अनावर झाला. आपला अल्पवयी पुत्र पांचहजारी, आपला नोकर नेताजी तोही पांचहजारी, मग आपला मान तो कोणता, अशा आशयाचे त्यांचे उद्गार परंपरेनें जपून ठेवले आहेत. नेताजीचें नांव येथें श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें. त्यानंतर महाराज दरबारांत गेले नाहींत. जयसिंगाचा पुत्र रामसिंग त्यांना जामीन राहिला आणि कोतवाल फौलादखान याचे पहारे त्यांच्या डेऱ्याभोंवतीं बसले.

या मुक्कामाची हकीकत बखरींवरच अवलंबून नाहीं, हें एक सुदैव. रामसिंगाच्या पदरचा परकालदास हा अंबेरच्या दिवाणास राजस्थानी भाषेंत पत्रें धाडीत असे. घटना घडल्यावर थोड्याच दिवसांत लिहिलेलीं हीं पत्रें सर जदुनाथ सरकार व रघुवीरसिंह यांनीं १९६३ सालीं प्रकाशांत आणलीं. त्यांत पेटाऱ्यांच्या कथेइतका चमत्कार नाहीं, पण एका बंदिवानाची सावकाश चाललेली तयारी मात्र दिसते. बरोबरच्या माणसांस स्वदेशीं परत धाडण्याची परवानगी त्यांनीं मागितली. बादशहास ती आनंदानें द्यावीशी वाटली, कारण सिंह एकटा पडत होता! रामसिंगाकडून ६६,००० रुपये हुंडीवर उसने घेतले गेले. फकीर होऊन काशीस जाऊन राहतों, अशीही विनंती गेली. तीवर, फकीर व्हावें आणि अलाहाबादच्या किल्ल्यांत राहावें, असें औरंगजेबाचें उत्तर आलें. उपहास म्हणून तें झकास होतें. परंतु पुढें खरोखरच गोसाव्याचा वेष चढला, आणि तो किल्ल्यांत राहण्यासाठीं मात्र नव्हता.

त्यापुढील आजारपण, मिठाईचे पेटारे व हिरोजी फर्जंद यांची कथा सर्वश्रुत आहे. १७ ऑगस्ट १६६६, श्रावण वद्य द्वादशी, शके १५८८, या दिवशीं महाराज निसटले. ते पेटाऱ्यांत बसून गेले कीं पेटारा वाहणाऱ्या हमालाच्या वेषांत, याविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. मदारी मेहतर हें पात्रही उत्तरकालीन परंपरेंतलें आहे. परंतु या वादांत गुंतण्यापेक्षां हिरोजीच्या कामगिरीकडे पाहावें. हा गृहस्थ पांघरूण घेऊन, हाताचें कडें तेवढें बाहेर दिसेल असा निजून राहिला. वेषांतर खरें तर त्यानें केलें. कारण पळून जाणारा दूर जाई, हा मात्र पहारेकऱ्यांच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याचें नांव पांघरून पडला होता. त्याच्या त्या निजण्यानें एक संपूर्ण रात्र विकत घेतली. १८ तारखेस वार्ता फुटली तेव्हां पाठलागाचे स्वार दक्षिणेच्या वाटेनें सुटले, आणि महाराज उत्तरेस मथुरेच्या रस्त्यानें निघून गेले होते.

मथुरेस मोरोपंत पिंगळ्यांचे आप्त कृष्णाजी, काशी व विसाजी हे तिघे त्रिमल बंधु राहत होते. नऊ वर्षांच्या संभाजीराजांस त्यांच्या घरीं ठेवून महाराज पुढें गेले. मुलगा वाटेंत वारला अशी हूल उठवण्यांत आली. पुढें मुलास दक्षिणेंत आणतांना एका मोगली अंमलदारास संशय आला असतां, हा आमचाच मुलगा हें पटवण्यासाठीं ब्राह्मणांनीं त्याच्याबरोबर एका पात्रांत भोजन केलें असें सांगतात. सोंग वठवण्यास धाडस लागतें, तसा स्वतःचा आचार मोडण्याचा धीरही लागतो, हें या कथेंत उत्तम उतरलें आहे.

आणि संवयीचें काय? परतीच्या प्रवासाच्या दोन आख्यायिका या दृष्टीनें मोठ्या बोलक्या आहेत. एके ठिकाणीं दमलेल्या गोसाव्यानें तट्टू विकत घेतलें. पुरेसे रुपये जवळ नव्हते म्हणून त्यानें मोहरा काढल्या. एका तट्टाला इतकें देणारा तूं शिवाजीच असला पाहिजेस, असें विकणारा सहज बोलून गेला. तेव्हां सगळी थैलीच त्याच्या हातीं ठेवून गोसाव्यांना तेथून पाय काढावा लागला. दुसरी आख्यायिका गोदावरीच्या कांठची. बीड जिल्ह्याची उत्तर सीमा जिनें आंखली तीच ही गोदावरी. तेथें एका शेतकऱ्याच्या झोंपडींत मुक्काम पडला असतां घरची म्हातारी, शिवाजीच्या लोकांनीं गांव लुटल्यामुळें पाहुण्यांच्या पानांत नीटसें वाढतां येत नाहीं, असें म्हणून शिव्याशाप देऊं लागली. गोसाव्यानें मुकाट्यानें ऐकून घेतलें आणि राज्यांत पोंचल्यावर तिची नुकसानी भरून दिली. या गोष्टी अक्षरशः घडल्या असतील वा नसतील. पण ज्यांनीं त्या रचल्या त्यांना भगवीं वस्त्रें कोठें फाटतात हें नेमकें ठाऊक होतें. पहिल्या गोष्टींत राजाचा हात उघडा पडला. दुसरींत कान आणि जीभ ताब्यांत राहिलीं. ट्वेनच्या राजाला जें साधलें नाहीं तें येथें साधलें, तेंही काठावर.

महाराज राजगडास केव्हां पोंचले? कोणी १२ सप्टेंबर मानतात, तर जेधे शकावलीच्या आधारें कोणी मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, म्हणजे २० नोव्हेंबर धरतात. कांहीं असलें तरी मागें राहिलेल्यांचे हाल चुकले नाहींत. रघुनाथ बल्लाळ कोरडे व त्र्यंबक सोनदेव डबीर सांपडले आणि त्यांना यातना सोसाव्या लागल्या. रामसिंगाची दरबारांतील ऊठबस बंद झाली.

आतां धारूरकडे परतावयाचें. नेताजी पालकर हे स्वराज्याचे सरनोबत. जानेवारी १६६६ मध्यें पन्हाळ्यावरचा छापा फसला. नेताजी वेळेवर येऊन पोंचले नाहींत म्हणून महाराजांचा रोष झाला. ते विजापुराकडे गेले, आणि तेथून जयसिंगानें त्यांना मार्च महिन्यांत मोगलांकडे ओढलें. पांचहजारी मनसब, जहागीर आणि ३८,००० रुपये रोख, असा सौदा ठरला. हेंही महाराजांच्या संमतीनें घेतलेलें एक सोंग असावें, असा तर्क कित्येकांनीं केला आहे. तर्क मनोहर आहे, पण त्याला पुराव्याचा टेंकू मिळत नाहीं. आणि ज्या मनुष्यानें पुढें इतकें भोगलें त्याच्या चुकीचें कौशल्य बनवून टाकण्यांत त्याचा गौरव होतो असेंही नाहीं.

आग्र्याची वार्ता फुटली १८ ऑगस्टला. १९ ऑगस्टला औरंगजेबानें नेताजींस कैद करण्याचा हुकूम दक्षिणेस सोडला. या एका दिवसाच्या अंतरावरून बादशहाच्या बुद्धीचा वेग कळतो. निसटलेला राजा आणि त्याचा जुना सेनापति यांची गांठ पडली तर काय होईल, हें त्यानें तत्काळ जाणलें. हुकूम चालूं लागला आणि इकडे बीड-धारूरच्या मुलुखांत नेताजी मनसबदार म्हणून वावरत होते. दोन महिने असे गेले. त्या छावणींत उद्यांची बातमी खलित्यांत बंद होती, आणि ती ज्यांच्या हातीं होती त्यांनीं चेहरा बदलूं दिला नाहीं. आग्र्यास बंदिवानानें पहारेकऱ्यांच्या पुढचें पाहिलें होतें. धारूरास तें धन्यांना ठाऊक होतें, आणि ज्याला ठाऊक असावयास हवें होतें तो निःशंक होता. २४ ऑक्टोबर १६६६ रोजीं नेताजी पुत्रासह कैद झाले.

कपट एकट्या बंदिवानाचेंच असतें असा कोणाचा समज असेल, तर त्यानें याच सुमाराचें जयसिंगाचें पत्र पाहावें. वजीर जाफरखानास तो लिहितो कीं, शिवाजीच्या घराण्याशीं शरीरसंबंध जुळवण्याची बतावणी करून त्याला भेटीस ओढावें आणि वाटेंत त्याचा निकाल लावावा. स्वतःच्या मुलाच्या सोयरिकीचें आमिष दाखवण्यासही हा वृद्ध रजपूत सिद्ध झाला होता. ज्यानें आग्र्याच्या भेटीसाठीं शपथेवर अभय दिलें, त्यानेंच हें लिहावें! पुत्रावरील संशय धुऊन काढण्याची त्याची धडपड त्यांत दिसते. तो बेत सिद्धीस गेला नाहीं, आणि दुसऱ्या वर्षीं बऱ्हाणपुरास जयसिंग मरण पावला.

नेताजींस दिल्लीस नेण्यांत आलें. तेथें छळाखालीं त्यांना धर्मांतर करावें लागलें आणि १६६७ सालीं ते मुहम्मद कुलीखान झाले. काबूलच्या वाटेवर लाहोरच्या मुक्कामीं त्यांनीं पळून जाण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. यांत नवल कांहींच नाहीं. त्यांच्या जागीं निजून राहणारा हिरोजी लाहोरांत नव्हता, वाटेवर मथुरेचें घर नव्हतें, तीन महिन्यांची तयारी नव्हती आणि हुंडी वटवणारा सावकारही नव्हता. एकट्या शौर्यानें पहारा फुटत नाहीं. नेताजींइतका शूर पुरुष त्या काळीं विरळाच, तरीही तो सांपडला. त्यानंतर वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत, परक्या नांवानें, परक्या निशाणाखालीं नऊ वर्षें गेलीं. गोसाव्याचा वेष कांहीं आठवड्यांत उतरला. हा वेष मात्र कोणी हौसेनें चढवला नव्हता, म्हणून तो उतरवणेंही नेताजींच्या एकट्याच्या हातीं राहिलें नाहीं.

१६७६ सालीं मोगली फौजेबरोबर ते पुन्हां दक्षिणेंत आले आणि संधि मिळतांच रायगडाची वाट धरली. ज्यांचा रोष ओढवून ते गेले होते ते आतां अभिषिक्त छत्रपति होते, आणि मथुरेस दडवलेला मुलगा एकोणीस वर्षांचा युवराज झाला होता. १९ जून १६७६ रोजीं त्यांचें प्रायश्चित्त होऊन मुहम्मद कुलीखान पुन्हां नेताजी पालकर झाले.